उघाड पडली की…

रात्रभर झड लागून सकाळी उघाड पडली, की वाशिम जिल्ह्यातल्या आडरस्त्यांवर तितरांची वर्दळ सुरू होते. कारंज्याहून खेड्यांकडे फुटणारे किंवा मंगरूळपीरहून मानोऱ्याच्या बाजूला जाणारे अरुंद डांबरी रस्ते घ्या. सकाळी सातच्या सुमारास एक तितर रस्त्याच्या मधोमध मान उंच करून उभा असतो. मागे मादी, आणि तिच्या पायांत घोटाळणारी चार-पाच पिल्लं. एरवी हा पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो आणि दिसला की लगेच धुऱ्यावरच्या बोरी-बाभळींत शिरतो. आज मात्र मोटरसायकल पार जवळ आली तरी तो दहा पावलं पळतो आणि पुन्हा थांबतो. पाहणाऱ्याला वाटतं, पक्षी माणसाळला. खरं कारण वेगळंच आहे. तो भिजलाय, आणि त्याला धड ऐकू येत नाहीये.

भिजण्याचं आधी पाहू. जुलैअखेरीस ई-क्लास जमिनीवरचं, म्हणजे सरकारी गायरानातलं, गवत गुडघ्याला लागतं. पाऊस थांबला तरी त्या गवतातला पाऊस थांबलेला नसतो. पात्यापात्यावर पाणी धरलेलं असतं, आणि ज्याची उंची चार बोटं आहे अशा पिल्लाला ते सगळं अंगावर घेतच पुढे सरकावं लागतं. मोठ्या पक्ष्याची पिसं एकमेकांत अडकून पाणी अडवतात, शिवाय शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल चोचीने पिसांना लावून तो त्यांची निगा राखतो. पिल्लाकडे यांतलं काहीच नसतं. त्याच्या अंगावर नुसती लव असते, आणि ती भिजली की अंगातली ऊब पंधरा-वीस मिनिटांतही निघून जाऊ शकते. पहिले काही दिवस तर त्याला स्वतःचं तापमान राखताच येत नाही; आईच्या पंखाखाली शिरणं हाच उपाय. पण आई पंखाखाली घेऊन बसली की खाणं थांबतं. म्हणजे झड तीन दिवस टिकली तर पिल्लांपुढे दोनच वाटा उरतात: भिजायचं किंवा उपाशी राहायचं. डांबरी रस्ता त्यांतून सुटका करतो. तो लवकर सुकतो, लवकर तापतो आणि त्यावर चुकून आलेले किडे लपू शकत नाहीत.

आता ऐकण्याचं. जमिनीवर राहणारा पक्षी अर्धाअधिक कानांवर जगतो. मुंगूस येतंय, कोल्हं येतंय, मांजर दबा धरतंय हे त्याला वाळल्या काडीच्या आवाजावरून कळतं. पावसानंतर काडी वाळलेली नसते आणि चहूकडे पानांवरून टपटप चालू असते. त्या टपटपीत पावलाचा आवाज बुडतो. वारं असेल तर आणखी वाईट, कारण मग सगळंच हलतं आणि कोणती हालचाल गवताची नि कोणती कोल्ह्याची हे डोळ्यांनाही कळेनासं होतं. अशा वेळी शहाणपण एकच: कान चालत नाहीत तर डोळ्यांना काम द्यायचं, जिथून लांबवर दिसतं अशा उघड्यावर जायचं. रस्ता, पडीक वावर, नुकतं डवरलेलं रान.

हेच गणित जगाच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेच्या जंगलात, टर्की हा पक्षी करतो. आपल्याकडे टर्की ठाऊक आहे ती पोल्ट्रीतली लठ्ठ, पांढरी. रानटर्की मात्र गडद, चपळ, झाडावर रात्र काढणारी आणि मोर, तितर, लावे यांच्याच कुळातली. तिथे वसंत ऋतूत नर टर्कीच्या शिकारीला परवाने मिळतात, आणि शिकाऱ्यांचं अर्धं बोलणं हवेबद्दल असतं. पाऊस पडतोय? मग रानात बसू नका, मोकळ्या कुरणाच्या कडेला बसा, टर्की तिथे येतील. जोराचा वारा आहे? मग नर कमी ओरडतील, आणि ओरडले तरी तुम्हाला ऐकू येणार नाही. टेकडीच्या आडोशाची दरी गाठा. या सूचना पिढ्यान्पिढ्या चालत आल्या, आणि त्यांच्या मुळाशी हेच ओलं गवत आणि हाच बुडालेला आवाज आहे.

टर्कीची आणखी एक गंमत अशी की वीज कडाडली की नर ताडकन ओरडतो. ढग गरजो, मोटारीचं दार आपटो की घुबड घुमो, अचानक आलेल्या मोठ्या आवाजाला तो आवाजानेच उत्तर देतो. शिकारी याचा फायदा घेतात: मुद्दाम घुबडाचा किंवा कावळ्याचा आवाज काढतात, नर उत्तर देतो आणि त्याचा ठावठिकाणा लागतो.

इथे आपल्या मोराची आठवण न झाली तरच नवल. वऱ्हाडात ढग गडगडला आणि पाठोपाठ मोर ओरडला, की शेतातली माणसं औजारं आवरायला घेतात. मोर पाऊस सांगतो अशी आपली पक्की समजूत. पण मोर फटाक्यालाही ओरडतो, सुरुंगालाही ओरडतो आणि रात्री कुत्रं भुंकलं तरी ओरडतो. मे-जूनपासून त्याचा विणीचा काळ सुरू होतो, अंगात जोर असतो, दुसऱ्या नराला आपली जागा सांगायची घाई असते. त्यात गडगडाट झाला की तो उत्तर देतो. आपल्याला वाटतं त्याने पावसाला बोलावलं. त्याच्या लेखी कुणीतरी मोठ्याने आव्हान दिलेलं असतं.

आणि पावसात नाचण्याचं म्हणाल, तर पडत्या पावसात मोर सहसा नाचत नाही. पिसारा म्हणजे सव्वा-दीड मीटर लांबीची दीडशेच्या आसपास पिसं. ती भिजली की ओल्या गोधडीसारखी जड होतात. काटेपूर्णेच्या बाजूला जोराची सर येऊन गेल्यावर धुऱ्यावरच्या निंबाच्या वाळक्या फांदीवर बसलेला मोर नीट पाहावा. पिसं चिकटून दोऱ्या झालेली असतात, डोळे दिसत नाहीत, टोकांना चिखल लागलेला असतो. आणि तो मिनिटामिनिटाला अंग झटकतो, मग मान वळवून एकेक पीस चोचीतून ओढून काढतो. या अवस्थेत त्याला पटकन उडता येत नाही. गावकुत्र्यांच्या तावडीत मोर सापडायचा तो अशाच वेळी. नाच होतो तो पावसाआधीच्या मळभात आणि पाऊस सरल्यावरच्या उघाडीत.

त्या नाचात एक गोष्ट आपल्या कानांना ऐकूच येत नाही. कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिलं, की पिसारा थरथरवताना मोर इतक्या खालच्या पट्टीचा आवाज काढतो की तो माणसाच्या ऐकण्याच्या मर्यादेखाली राहतो. पण त्याचं ध्वनिमुद्रण वाजवलं तर दुसरे मोर आणि लांडोरी सावध होतात. पुढे २०१८ मध्ये आणखी एका अभ्यासात दिसलं, की लांडोरीच्या डोक्यावरचा तुरा नेमका त्याच लयीत कंप पावतो ज्या लयीत मोर पिसारा हलवतो. नटूनथटून बसण्यासाठी असावा असं आपण समजत होतो त्या तुऱ्याला नाच जाणवतही असावा.

असे मंद, खोल आवाज फार दूरवर जातात, आणि वादळंही असे आवाज करतात. म्हणून प्रश्न येतो: पक्ष्यांना हवामान आधी कळतं का? काहींना कळतं असं म्हणायला जागा आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या टेनेसीत सोनपंखी वटवट्यांच्या पाठीवर छोटी यंत्रं बसवलेली होती. टॉर्नेडो वादळांची मोठी साखळी येण्याच्या एक-दोन दिवस आधीच, हवा अजून शांत असताना, ते पक्षी आपली विणीची जागा सोडून शेकडो किलोमीटर दूर निघून गेले आणि वादळ सरल्यावर परतले. संशोधकांचा कयास असा, की त्यांनी वादळाचा तो खोल आवाज ऐकला असावा. दुसऱ्या प्रयोगांत चिमण्यांच्या जातीचे पक्षी बंद खोलीत ठेवून हवेचा दाब हळूच कमी केला, तर ते अधिक खाऊ लागले, अधिक फिरू लागले. वादळात उपाशी राहावं लागेल म्हणून आधीच पोट भरून घ्यायची ही तयारी.

पण या मोहात फार पुढे जाऊ नये. दरवर्षी मे महिन्यात टिटवीच्या अंड्यांची बातमी येतेच: टिटवीने चार अंडी घातली, म्हणजे पावसाळा चारही महिने; उंचवट्यावर घातली, म्हणजे पाऊस भरपूर. टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते. ती एका टोकाला निमुळती असतात, टोकं आत करून चार अंडी मांडली की आईच्या अंगाखाली नेमकी बसतात. पाचव्याला जागा नाही. पाऊस दोनच महिने पडलेल्या वर्षीही अंडी चारच होती, फक्त ते कुणी छापलं नाही. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पिकापाण्याचं भाकीत सांगतात. लोक ऐकायला गर्दी करतात आणि पेरणी मात्र जमिनीत ओल किती गेली हे पाहूनच करतात. टिटवीच्या बाबतीतही तेवढं ठेवावं.

हवा वाचणं हा ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता अशी माणसं या भागात होती आणि आहेत. फासेपारधी. वाशिम-अकोला-अमरावती पट्ट्यात त्यांचे बेडे, म्हणजे वस्त्या, आहेत. नावातच त्यांचं साधन आलं: फासे. जमिनीत रोवलेल्या छोट्या खुंट्या, त्यांना लांब दोरीने जोडलेली फाशांची रांग. फासे घोड्याच्या केसांचे, तातीचे, अलीकडच्या काळात नायलॉनचे. शिकवलेली गाय किंवा बैल पुढे घालायचा, त्याच्या आडोशाने चालायचं आणि पक्ष्यांना न उडवता हळूहळू फाशांच्या दिशेने वळवायचं. पक्ष्याला माणूस दिसत नाही, चरणारं जनावर दिसतं. याखेरीज पाळीव तितर पिंजऱ्यात ठेवून त्याच्या आवाजावर रानातला तितर भांडायला बोलावणं, किंवा सरळ तोंडाने आवाज काढणं.

या प्रत्येक युक्तीला हवेची मोहोर लागलेली आहे. तात म्हणजे जनावराच्या आतड्याची दोरी. ती हवेतली ओल शोषते, फुगते आणि नरम पडते, मग फासा उभा राहत नाही. आवाजावर बोलवायचं तर आवाज पोहोचला पाहिजे. आणि आवाजाचं वागणं मोठं विलक्षण असतं. वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज जमिनीकडे वाकतो आणि लांब पोहोचतो. वाऱ्याविरुद्ध जाणारा आकाशाकडे वाकतो आणि थोड्याच अंतरावर ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून निघून जातो. पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची थोडी उबदार असली की आवाज वर निसटत नाही, खालीच राहतो आणि माळावर दूरवर पसरतो. म्हणून तितर पहाटेच बोलतो, आणि म्हणून त्याला बोलावणाराही पहाटेच निघतो. पाऊस पडून गेल्यावर वारं पडलेलं, हवा दमट आणि थंड असेल तर ती सकाळ सगळ्यांत बोलकी. भौतिकशास्त्र शिकवायला कुणी बेड्यावर आलं नव्हतं. पण ज्याची चूल या आवाजावर पेटायची त्याला हे कळायला पुस्तक लागत नव्हतं.

या ज्ञानाची किंमत त्यांना सन्मानाने कधी मिळाली नाही. ब्रिटिशांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांत पुढे पारधीही आले. १९५२ मध्ये कायदा गेला. गावाच्या नजरेतला शिक्का मात्र राहिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी शिकार बंद झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण साहेबाची बंदूक भिंतीवर टांगली गेली तेव्हा साहेबाचं जेवण थांबलं नाही. पारध्याचा फासा गेला तेव्हा त्याच्या हातात दुसरं काही दिलं गेलं नाही. हा फरक लक्षात न घेता पारध्यांना नावं ठेवणारे निसर्गप्रेमी मला कधीच पटले नाहीत.

पावसाचा एक धोका पक्ष्याच्या कान-डोळ्यांच्याही पलीकडचा आहे: वास. न्यूयॉर्क राज्यात टर्कीच्या घरट्यांवर नजर ठेवणाऱ्या संशोधकांना नव्वदच्या दशकात एक विचित्र गोष्ट दिसली. पाऊस पडला की पाठोपाठच्या दिवसांत घरटी लुटली जाण्याचं प्रमाण वाढायचं. अंडी पाण्याने खराब झाली म्हणावं तर तसं नव्हतं; ती खाल्ली गेली होती. त्यांनी अंदाज बांधला तो असा: अंड्यांवर बसलेली मादी भिजते आणि भिजलेल्या पक्ष्याला वास येतो. ओल्या अंगावरचे जिवाणू वाढतात, दमट हवेत वास रेंगाळतो आणि वासावर शिकार करणाऱ्या प्राण्याला घरट्याचा पत्ता लागतो. कोंबड्या पाळणाऱ्या कुठल्याही बाईला भिजलेल्या खुडुक कोंबडीचा वास ठाऊक असतो. आपल्या माळावर कोल्हं, मुंगूस, घोरपड आणि मोकाट कुत्री सगळी नाकावर चालणारी आहेत, आणि तितर, लावा, लांडोर सगळ्या जमिनीवरच अंडी घालतात.

आणि गारपीट. तिच्यापुढे कुणाचंच शहाणपण चालत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारा कोसळल्या, तेव्हा गव्हा-हरभऱ्याबरोबर झाडांखाली पक्ष्यांचा खच पडला होता. २०१८ च्या फेब्रुवारीत पुन्हा जालना, बुलढाणा, वाशिम हा पट्टा झोडपला गेला. काटेरी झुडपात दडलेला तितर कदाचित वाचतो. उंच झाडाच्या शेंड्यावर रात्र काढणारा मोर गारेला थेट तोंड देतो.

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगायचं होतं त्या पक्ष्याकडे येतो. तणमोर.

तणमोर हा माळढोकाच्या कुळातला सगळ्यांत लहान पक्षी. वजन जेमतेम अर्धा किलो, आणि नर मादीपेक्षाही हलका. वाशिम आणि अकोल्याचे गवताळ माळ ही महाराष्ट्रातली त्याची मोजक्या उरलेल्या जागांपैकी एक. एरवी कोरडा, मातकट रंगाचा हा पक्षी कुठे असतो हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पाऊस पडला, पवन्या-मारवेल गवत वर आलं, नाकतोडे उडायला लागले, की तो येतो. नराने तोवर कपडे बदललेले असतात: अंग काळंभोर, मानेमागे पांढरा पट्टा, पंखांवर पांढरे ठिगळ आणि कानांमागून निघालेली, टोकाला चमच्यासारखी रुंद होणारी लांब पिसं.

आणि मग तो उड्या मारतो. गवतातून सरळ वर, दीड-दोन मीटर, पंख फडफडवत, मान मागे टाकून, एक खरखरीत आवाज करत. क्षणभर हवेत, आणि पुन्हा गवतात गडप. त्याच जागेवर, पुन्हा, पुन्हा. जोमात असलेला नर दिवसाला पाचशेच्या आसपास उड्या मारतो. हे का, याचं उत्तर गवतात आहे. पाऊस चांगला झाला की गवत त्याच्या डोक्याच्या वर जातं, आणि मादीला दिसायचं तर गवताच्या वर यावंच लागतं. झाडावर बसून मिरवणं त्याला शक्य नाही. या कुळाला पायाचं मागचं बोटच नसतं, फांदी धरता येत नाही. म्हणजे ज्या पावसाने त्याला लपवलं त्याच पावसावर मात करण्यासाठी तो उडी मारतो.

पण याहून मोठं नवल पुढे आहे. मघाशी सांगितलेली ती तेलाची ग्रंथी माळढोकांच्या कुळात मुळी नसतेच. तितराकडे आहे, मोराकडे आहे, बदकाकडे तर भरपूर आहे; तणमोराकडे नाही. हे कुळ कोरड्या माळांवर घडलं. त्यांच्या अंगावर काही पिसं अशी असतात की ती झिजून त्यांची भुकटी होते, आणि तीच पावडर बाकीच्या पिसांची निगा राखते. कोरड्या हवेत उत्तम. मुसळधार पावसात अपुरी. युरोपातल्या थोरल्या माळढोकाबद्दल जुन्या नोंदी आहेत, की गोठवणाऱ्या पावसात पंखांवर बर्फ धरून त्याला उडताच यायचं नाही, आणि गावकरी त्यांना मेंढरांसारखे हाकत आणायचे. म्हणजे पावसाला सगळ्यांत कच्चा असलेला हा पक्षी वीण मात्र ऐन पावसाळ्यात करतो. पिल्लांना लागणारे नाकतोडे आणि भुंगेरे तेव्हाच असतात म्हणून.

त्यामुळे त्याचा दिवस हवेप्रमाणे कापलेला असतो. ऊन असेल तर काळ्या अंगाने दुपारी उड्या मारणं परवडत नाही; पहाट आणि संध्याकाळ एवढाच वेळ. मळभ धरलेल्या दिवशी भरदुपारीही उड्या चालू राहतात. सर आली की गवतात बसून राहायचं. उघाड पडली की पुन्हा सुरुवात.

एकाच जागेवर, ठरल्या वेळी, आवाज करत वर येणारा पक्षी मारायला किती सोपा, हे सांगायला नको. त्याचं मांस चवदार म्हणून प्रसिद्ध होतं. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज शिकाऱ्यांनी उड्या मारणारे नर बंदुकीने टिपले. फासे लावणाऱ्यांनी त्याच्या उडीच्या जागेवर फासा ठेवला. १९१२ च्या वन्यपक्षी कायद्यातल्या यादीत माळढोक आणि तणमोर दोन्ही आहेत आणि त्यांच्यासाठी बंदीचा हंगाम ठरवण्याची सोय होती, पण माळावर ते पाळलं किती गेलं हा प्रश्नच आहे.

तरीही तणमोराला बंदुकीपेक्षा आभाळाने जास्त हलवलं असं आकडे सांगतात. देशभरातले तणमोर १९८२ साली अंदाजे ४,३७४ होते. १९८५ ते १९८७ या काळात पश्चिम भारतात दुष्काळ पडला. गवत नाही, नाकतोडे नाहीत, वीण नाही. १९८९ मध्ये अंदाज निघाला १,६७२. पुढे पाऊस सुधारला: १९९४ मध्ये २,२०६, १९९९ मध्ये ३,५३०. पाऊस गेला की संख्या कोसळायची आणि पाऊस आला की सावरायची, अशी ही दोरी. डॉ. रवी संकरन यांनी आयुष्याची कित्येक वर्षं या पक्ष्यामागे घालवली. पण २०१७-१८ च्या देशव्यापी पाहणीनंतरचा अंदाज सातशेच्याही आत आला, आणि या वेळी दोष आभाळाचा नव्हता. सावरायला माळच उरले नव्हते. कुठे वावर झालं, कुठे झाडं लावली, कुठे वस्ती आली. गवताळ जमिनीला ‘पडीक’ म्हणायची आपली सवय तिला फार महागात पडली. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत तणमोराची नोंद अतिसंकटग्रस्त अशी झाली.

मग हा पक्षी शोधायचा कसा आणि कुणी? कारंजा लाडच्या संवेदना संस्थेने, कौस्तुभ पांढरीपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, यासाठी फासेपारध्यांनाच हाताशी धरलं. कुठल्या माळावर, कुठल्या गवतात, पावसानंतर कितव्या दिवशी तणमोर दिसतो हे त्यांनाच ठाऊक होतं. ज्यांचे आजे फासा लावताना जागा हेरायचे, ती माणसं नोंदवही घेऊन जागा हेरू लागली, आणि काही ठिकाणी गवताळ माळ राखण्याचं कामही त्यांनी अंगावर घेतलं. कारंजा-सोहोळचं काळविटांचं अभयारण्य जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं आहे. उरलेला तणमोर बाहेर, ई-क्लासवर आणि सोयाबीन-मुगाच्या कडेला आहे, आणि बाहेरच्या जमिनीचा नकाशा ज्यांच्या पायांत आहे त्यांच्याशिवाय हे काम होणारं नव्हतं.

मोजणीचा आधारही शेवटी ती उडीच. मादी दिसत नाही, बसलेला नर दिसत नाही. उड्या मारणारे नर मोजायचे आणि त्यावरून बाकीच्यांचा अंदाज करायचा. म्हणून कोणत्या सकाळी गेलात यावर आकडा ठरतो. वारं सुटलेल्या, पाऊस पडत्या सकाळी माळावर शून्य नोंद होईल आणि त्याच माळावर दुसऱ्या दिवशी उघाडीत दोन नर नाचत असतील. पाऊस लांबलेल्या वर्षी जुलैमध्ये गेलात तर गवतच नसेल, पक्षी अजून आलेलाच नसेल.

लांबलेल्या पावसाची दुसरी भानगड सोयाबीनशी आहे. मादी तीन-चार अंडी उघड्या जमिनीवर घालते, सुमारे तीन आठवडे एकटीच बसते, आणि नंतर पिल्लं उडायला लागेपर्यंतचे आठवडे वेगळे. मृगात पाऊस झाला, वेळेवर गवत आलं, तर सोयाबीनची सोंगणी सुरू होईपर्यंत पिल्लं पंखांवर येतात. पाऊस महिनाभर सरकला की वीणही सरकते, पण कमी दिवसांत येणारं वाण पेरून शेतकऱ्याने तो महिना भरून काढलेला असतो. तणमोराला कमी दिवसांचं वाण नाही. हार्वेस्टर वावरात उतरतो तेव्हा पिल्लं अजून पायीच असतात, आणि धोका दिसला की पळण्याऐवजी जमिनीला चिकटून बसायचं हीच त्यांची जन्माची शिकवण असते. अशा वावरात सोंगणीच्या आदल्या संध्याकाळी पारध्यांपैकी कुणी जाणतं माणूस एक चक्कर मारून आलं, मादी कुठून उठते ते पाहिलं आणि तेवढा तुकडा आठ दिवस उभा ठेवला, तर शेतकऱ्याचं नुकसान होतं ते दोन-चार पायली सोयाबीनचं.